चिंतामणरावांचा राजीनामा आणि त्याआधीची सहा वर्षे

चिंतामणराव देशमुखांचे नाव निघाले की महाराष्ट्राला त्यांचा राजीनामा आठवतो. १६ जानेवारी १९५६ रोजी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला, आंदोलकांवर गोळ्या चालल्या आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी करण्यास सरकार तयार होईना. अखेर जुलैमध्ये कुलाब्याच्या या खासदाराने अर्थमंत्रिपद सोडले. या बाणेदारपणाचे मोल मोठेच आहे. परंतु समाजवादी कार्यकर्त्याने त्याआधीच्या सहा वर्षांचाही हिशेब मांडला पाहिजे.

१९५० मध्ये अर्थखाते हाती घेणारा हा मनुष्य समाजवादी नव्हता. आय.सी.एस. अधिकारी, इंग्रजांनी 'सर' केलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर. १९६९ मध्ये तर त्यांनी स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढविली. तरीही त्यांच्याच कारकिर्दीत १९५३ मध्ये वारशाच्या संपत्तीवर मृत्युकर बसला. १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. आणि १९ जानेवारी १९५६ रोजी, मुंबई पेटलेली असतानाच, आयुर्विमा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतल्याचे त्यांनी नभोवाणीवरून जाहीर केले.

हे त्यांनी का केले? वस्तुस्थितीने दुसरा मार्ग ठेवला नव्हता म्हणून. रिझर्व्ह बँकेच्या ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ मध्ये आला. शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जापैकी सुमारे सत्तर रुपये सावकाराचे आणि सहकारी संस्थांचे जेमतेम तीन, असे त्यात आढळले. ही पाहणी करणाऱ्या समितीत पुण्याचे धनंजयराव गाडगीळ होते. स्टेट बँकेवर पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन आले, ते या निष्कर्षांतून. अर्थात, शाखा उघडली म्हणजे भोरच्या डोंगरातील कुळाला कर्ज मिळाले, असे नव्हे. बँकेला तारण हवे असते. सावकाराला गरजू पुरतो. ते काम अपुरेच राहिले.

पुढे उलटा प्रवास सुरू झाला. मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला. २०२२ च्या मे महिन्यात आयुर्विमा महामंडळाचे साडेतीन टक्के भाग बाजारात विकले गेले. समाजवादी नसलेल्या अर्थमंत्र्याला जे अपरिहार्य वाटले, ते आज कालबाह्य ठरविले जात आहे.

म्हणून अर्थमंत्र्याची थोरवी त्याने किती अंदाजपत्रके मांडली यावर मोजू नये. जनतेची बचत त्याने कोणाच्या हाती दिली आणि कर्ज कोणाच्या दारी नेले, हे विचारावे. चिंतामणरावांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. दुसऱ्याचे उत्तर मिळविण्याची जबाबदारी आपली आहे.

— सारोळे (ता. भोर)