तिसरीचा नंबरही धरायचा!

सायकलची शर्यत म्हटली, की आपल्या डोळ्यांपुढे येते ती मुंबई-पुणे. बोरघाटात घामाघूम झालेली पोरे आणि पुढे गेलेल्या एकाच्याच नावाचा जयजयकार! पण मैत्रिणींनो, आज सांगणार आहे ती शर्यत भर बाजारपेठेत होत असे. इंग्लंडात २००९ साली 'टूर सीरीज' नावाची स्पर्धा सुरू झाली. संध्याकाळी गावातले मधले रस्ते बंद करायचे, कडेला कठडे लावायचे आणि दुकाने, चर्च, टाऊन हॉल यांना वळसे घेत सायकली पळवायच्या. फेरी जेमतेम एक-दीड किलोमीटरची. त्यामुळे दारात उभे राहिले, तरी तेच सायकलस्वार दर दोन-तीन मिनिटांनी पुन्हा समोरून जाणार. तिकीट नाही, मुले कडेवर घेऊन बघायला मोकळीक. वोकिंगसारख्या साध्या गावात झाली, वेल्समधल्या ॲबरिस्टविथला झाली, आणि डरहॅमला तर दगडी फरसबंदीच्या चढणीवरून! पाहतानाच कंबर दुखावी.

तुम्ही म्हणाल, "अहो, हे खेळाचे पान आपल्याला कशाला?" थांबा जरा. यातली खरी गंमत हिशेबात आहे.

सायकलवाल्याचा मोठा शत्रू म्हणजे वारा. पुढच्याच्या पाठीशी चिकटून चालवली, तर मागच्याची चांगली पाव हिश्शाहून जास्त ताकद वाचते. म्हणून संघातले बाकीचे जण वारा अंगावर घेतात आणि एकाला शेवटच्या धावेसाठी ताजा ठेवतात. या राबणाऱ्यांना फ्रेंच भाषेत शब्द आहे 'डोमेस्तीक', म्हणजे चक्क घरगडी! ऐकल्यावर मला हसूही आले आणि थोडे लागलेही. घरच्या मंगलकार्यात पंगत उठेपर्यंत वाढणारी बाई शेवटी कोणत्या ताटावर बसते, हे आपल्याला काही कोणी सांगायला नको.

टूर सीरीजमध्ये पाच-पाच जणांचे संघ असत. शर्यत एक तास, आणि त्यावर आणखी पाच फेऱ्या. एकटा पहिला आला, की त्याला हार-तुरे मिळतच; पण संघाचा क्रमांक ठरे पहिले तीन जण कसे पोचले त्यावरून. म्हणजे एकाला पुढे काढून बाकीचे गळून पडले, तर संघ मागे! ताकद कोणी किती खर्च करायची, याचे गणित त्यामुळे सगळे बदलते. दुसऱ्या-तिसऱ्याच्याही पायात जोर शिल्लक राहील, अशी कामाची वाटणी करावी लागते. वळणे इतकी, की मागे राहिलेल्याला प्रत्येक कोपऱ्यावर ब्रेक दाबायचा आणि पुन्हा जिवाच्या आकांताने जोर लावायचा, असे तासभर चालते. पुढे असलेल्याला तेच वळण सोपे जाते. मागे राहिलेल्याला जास्त दमणूक, हे सायकलीतही खरे निघाले.

पुढे बायकांच्या शर्यतीही याच रस्त्यांवर होऊ लागल्या. स्पर्धा भरवणाऱ्या स्वीटस्पॉट या संस्थेनेच २०१४ पासून बायकांसाठी अनेक दिवसांची 'विमेन्स टूर' सुरू केली. पहिल्या वर्षी हॉलंडची मारियान फॉस जिंकली. २०१८ मध्ये तिथल्या बक्षिसाची रक्कम पुरुषांच्या ब्रिटन दौऱ्याइतकी करण्यात आली. त्याआधी ती तेवढी नव्हती, हे वेगळे सांगायला नको!

पण असले खेळ पैशावर चालतात. गावच्या नगरपालिकांनी वर्गणी द्यायची आणि पुरस्कर्ते मिळवायचे. टूर सीरीज २०२२ नंतर झाली नाही, पैशाअभावी २०२३ ची विमेन्स टूर रद्द करावी लागली, आणि २०२४ च्या सुरुवातीला स्वीटस्पॉटचेच दिवाळे निघाले. बायकांची शर्यत मात्र बुडाली नाही. 'ब्रिटिश सायकलिंग'ने ती नव्या नावाने त्याच वर्षी पुन्हा भरवली. गावातली ती संध्याकाळची गडबड गेली याची मला मनापासून हळहळ वाटते.

आपल्या कॉलनीत गणपतीत सायकलस्पर्धा असतेच. त्यात बहुधा एकच धीट मुलगा पहिला येतो आणि मुली हळूहळू कठड्याशी जाऊन उभ्या राहतात. यंदा मंडळाला सांगून पहा: चार-चार जणांचे संघ करा, प्रत्येकात निदान दोन मुली, आणि पहिल्या तिघांचे नंबर मिळवून बेरीज, सगळ्यांत कमी बेरीज तो संघ विजयी. रस्ता दोन्ही टोकांनी बंद हवा, डोक्याला हेल्मेट हवे. टायरमधली हवा आणि दोन्ही ब्रेक आदल्या संध्याकाळीच बघून ठेवा. वळताना आतल्या बाजूचे पेडल वर ठेवायचे, नाहीतर ते जमिनीला टेकून सायकल उलटते. हे मुलांकडून चार वेळा करवून घ्या. आणि ओढणी घरी ठेवायची, चेनमध्ये अडकते.