माझी फाइल माझ्या हातात

"बाई, तुम्हाला त्यातलं काय समजतं? तुम्ही फक्त तारखेला येत जा." हे वाक्य मी तीन वर्षं ऐकलं. ते बोलणारा नवऱ्याचा वकील नव्हता, माझाच होता.

मी अकोल्याला आईकडे राहते. नवऱ्याने घटस्फोटाची केस अमरावतीला, कौटुंबिक न्यायालयात लावली. तारखेला सकाळची एस.टी. धरायची, मूर्तिजापूर, बडनेरा करत पोचायचं आणि 'पुढची तारीख' एवढंच पदरात घेऊन परतायचं. शिलाईची रोजी बुडायची ती वेगळीच. शेवटी मी स्वतः अर्ज करून केसच्या नकला काढल्या आणि संघटनेतल्या मैत्रिणीबरोबर बसून वाचल्या. अंतरिम पोटगीच्या अर्जावर माझी सही घेतली होती. तो अर्ज कोर्टात दाखलच केलेला नव्हता! फाइल परत मागितली, तर उत्तर आलं, "आधी राहिलेली फी, मग कागद."

मैत्रिणींनो, इथेच आपल्यातल्या कित्येकजणी गप्प बसतात. म्हणून हे नीट लक्षात ठेवा. फी थकली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिलेला आहे. फी त्याने कायद्याने वसूल करावी. बाईची फाइल म्हणजे गहाण ठेवलेला दागिना नव्हे. वकालतनामाही जन्माची गाठ नाही. आपल्या सहीचा लेखी अर्ज देऊन, कोर्टाच्या परवानगीने तो रद्द करता येतो. जुन्या वकिलाने ना-हरकत दिली नाही, म्हणून कोर्टाचं दार बंद होत नाही. मी तसाच अर्ज दिला आणि खाली लिहिलं, 'यापुढे माझं म्हणणं मी स्वतः मांडीन.'

आई घाबरली. "कायले एकटी उभी राहतं वं कोर्टात? लोक हासतीन."

पण एकटीने उभं राहणं हा काही माझा आगाऊपणा नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याचं कलम १३ काय सांगतं? या कोर्टात वकिलामार्फत बोलण्याचा हक्क कोणत्याच पक्षाला नाही. गरज वाटली तर कोर्ट वकिलाला न्यायमित्र म्हणून बोलावू शकतं. पुराव्याचे नियमही कलम १४ ने सैल केले आहेत. नवरा-बायकोने आपलं गाऱ्हाणं आपल्या तोंडाने सांगावं, असं हे कोर्ट असायला हवं होतं. आज वकिलाची परवानगी सर्रास मागितली जाते आणि मिळते. बाईचं तोंड पुन्हा बंद!

आपल्याच काही कार्यकर्त्या म्हणतात, "समोर वकील उलटतपासणी घेईल तेव्हा बाई कोलमडेल." ही भीती खोटी नाही. पण त्यावर 'बाईने गप्प बसावं' हा उपाय कसा? नवऱ्याच्या बाजूने वकिलासाठी अर्ज आला की लेखी हरकत घ्या. दोघांनाही वकील द्या, नाहीतर दोघांनीही स्वतः बोलावं. वकील हवाच असेल, तर १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिथे तिचं उत्पन्न पाहत नाहीत. पण तो वकीलही काय दाखल करतो, ते वाचल्याशिवाय सही करू नका. माझं भांडण वकिलीशी नाही, 'तुम्हाला काय समजतं' या मग्रुरीशी आहे.

आणि संघटनांनो, मोर्चे आपण काढतो, ते काढलेच पाहिजेत. पण रोजनामा कसा वाचायचा, नकला कशा मागायच्या, दाखल झालेल्या अर्जाची पोच कशी घ्यायची, हे किती केंद्रांत शिकवलं जातं? महिन्यातून एक दुपार त्यासाठी काढा.

पहिल्या तारखेला माझे पाय कापत होते. लिहून नेलेला कागदही नीट वाचता येईना. तरी म्हणाले, "साहेब, सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलंय, पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही मिळकतीचं शपथपत्र द्यायचं. मी माझं आणलंय. त्यांचं मागवा."

अंतरिम पोटगीचा अर्ज आता खरोखर दाखल झालेला आहे. निकाल माझ्यासारखा लागेलच असं नाही. पण हरले तर का हरले, ते मला कळलेलं असेल. तीन वर्षं मला तेवढंही कळू दिलं नव्हतं.