संघ गेला, मैदान उरले

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा 'आजार आणि औषधे सोडून काहीतरी लिहा' अशी सूचना केली, तेव्हा मनात आला तो माझ्या धाकट्या मुलाचा प्रश्न. ऑक्टोबर २०२५ मध्ये हैदराबाद एफसी हा फुटबॉल संघ दिल्लीला गेला आणि त्याचे नाव 'स्पोर्टिंग क्लब दिल्ली' झाले. बातमी वाचून चिरंजीव काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, "आई, आता आपण कोणाचे?" गेली पंचवीसेक वर्षे लहान मुलांच्या अवघड प्रश्नांना उत्तरे देण्यातच माझा दिवस जातो, पण या प्रश्नाला मजजवळ चटकन उत्तर नव्हते.

प्रश्नाची तीव्रता कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. हा संघ मुळात पुण्याच्या जागेवर आला. २०१४ पासून इंडियन सुपर लीगमध्ये खेळणारा एफसी पुणे सिटी २०१९ साली बंद पडला आणि त्याची जागा हैदराबादला मिळाली. आदिलाबादच्या मराठी घराला याहून अधिक काय हवे? पुण्याचा धागा आणि हैदराबादचे नाव! माझ्या मुलाने पिवळी जर्सी मागवली आणि आमच्या दिवाणखान्यात दर सामन्याला मैफल जमू लागली. आमचे यजमान, दोन घरे पलीकडचे अस्थिरोगतज्ज्ञ, त्यांच्या सौभाग्यवती, भूलतज्ज्ञ मित्र, शेजारचे तेलुगू कुटुंब आणि त्या सर्वांची मुले. मराठी, तेलुगू आणि दखनी या तिन्ही भाषांत पंचांना नावे ठेवली जात. 'गोल' या शब्दाला मात्र भाषांतर लागत नसे.

२० मार्च २०२२ चा रविवार आम्ही विसरणार नाही. धुळवडीचा रंग अजून मुलांच्या कानांमागे होता. मडगावच्या फातोर्डा मैदानावर केरळ ब्लास्टर्सविरुद्ध अंतिम सामना. आपण एका गोलने मागे, आणि ८८ व्या मिनिटाला साहिल तावोरा या गोव्याच्या खेळाडूने बरोबरी साधली. पुढे पेनल्टीमध्ये गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमनी याने तीन फटके अडवले आणि हैदराबाद ३-१ ने विजेता ठरला. आमचे भूलतज्ज्ञ मित्र, जे शस्त्रक्रियागृहात कधी आवाज चढवीत नाहीत, ते त्या रात्री सोफ्यावर उभे होते.

आणि मग उतरण लागली. संघ आर्थिक अडचणीत सापडला, एकेक खेळाडू निघून गेला. २०२३-२४ च्या हंगामात २२ सामन्यांत एकच विजय आणि १६ पराभव! मैफल विरळ झाली, पण मोडली नाही. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला त्या पराभूत हंगामाचे मोल विजेतेपदाहून अधिक वाटते. माझ्या दवाखान्यात येणारी कितीतरी हुशार मुले चारचौघांत कधी हरलेलीच नसतात. चाचणीत दोन गुण कमी पडले तर त्यांच्या पोटात दुखू लागते आणि सोनोग्राफीत काही सापडत नाही. अशा मुलांनी आपल्या आईवडिलांना हरताना पाहावे, हळहळताना पाहावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच उमेदीने बसताना पाहावे, असे मला मनापासून वाटते. सोबतीने पचवलेली हार ही एक प्रकारची लसच आहे.

अर्थात लसीचेही दुष्परिणाम असतात. २००६ च्या विश्वचषकाच्या वेळी म्युनिक परिसरात झालेला अभ्यास हृदयरोगतज्ज्ञ मित्रांना आठवत असेल. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हृदयविकाराच्या तातडीच्या घटना २.६६ पट वाढल्या होत्या. तेव्हा ज्येष्ठ सभासदांनी पेनल्टीच्या वेळी पाणी आणण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जावे, एवढेच सुचविते.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे येते. माझे वडील हल्ली आमच्याकडेच असतात. नातवाचा प्रश्न त्यांनी ऐकला आणि ते हसून म्हणाले, "अरे, आम्ही बसल्या जागी तीन राज्ये पाहिली. एका संघाने शहर बदलले तर एवढे काय?"

त्यांचे म्हणणे खोटे नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद संस्थानाचा वारसा सांगणारे राज्य विभागले गेले. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आपण अलीकडे राहिलो. २०१४ मध्ये तेलंगणा झाले आणि २०१६ मध्ये जिल्ह्याचेच चार जिल्हे झाले. घरे मात्र जिथल्या तिथेच राहिली. वडील शिकायला हैदराबादेत होते, तेव्हा त्यांचा संघ होता हैदराबाद सिटी पोलीस. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. राज्य गेले तसे पुढे संघाचे नावही आंध्र प्रदेश पोलीस झाले, पण वडिलांची निष्ठा ढळली नाही.

तरीही या बाबतीत मी वडिलांशी सहमत नाही. त्या संघाचे नाव बदलले, पण पाय त्याच मातीत राहिले. त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांनी मोहल्ल्यांतल्या मैदानांवर खेळणारी पोरे हेरली आणि घडवली. राज्य विभागल्यानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ ला, रहीमसाहेबांच्या भारतीय संघाने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली. मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने त्या सामन्यात तीन गोल केले. १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळाले, त्या संघात सिकंदराबादचा तुळशीदास बलराम होता. नकाशा बदलला तरी मैदान जागेवर होते, म्हणून फुटबॉल टिकला. आमच्या पिवळ्या संघाचे तसे नव्हते. त्याने पुणे सोडले तेव्हा आम्ही आनंदाने टाळ्या वाजवल्या, हे आज पुणेकरांची क्षमा मागून मान्य करते. जो संघ एका गावातून उठून आपल्याकडे येतो, तो आपल्याकडूनही उठू शकतो.

मग आपण कोणाचे? माझे उत्तर असे, की मालकीचा संघ मालकाबरोबर जाणारच, सोबत मात्र आपली असते. आणि ती सोबत दिवाणखान्यातच राहिली तर तिला मुळे फुटत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशा हालचालीची शिफारस करते. सोफ्यावर उड्या मारणे त्यात धरता येत नाही. सहा वर्षे मी मुलाला सामने दाखवले, चेंडू घेऊन त्याला मैदानावर किती वेळा नेले, याचा हिशेब करताना मलाच संकोच वाटला.

म्हणून आपल्या संघटनेपुढे एक साधा प्रस्ताव ठेवते. आपण दरवर्षी डॉक्टरांचा क्रिकेट सामना भरवतो, तो खुशाल भरवावा. परंतु दर रविवारी सकाळी दोन तास एखादे मैदान आपल्या आणि वस्तीतल्या सर्व मुलांसाठी मागून घ्यावे, दोन चेंडू ठेवावेत आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन एका सभासदाने पाळीपाळीने तिथे बसावे. ऊन, शिकवणी, तातडीचे रुग्ण या अडचणी खऱ्या आहेत. उन्हाळ्यात सहाला सुरू करून आठला संपवता येईल. शिकवणीवाल्यांना पालक म्हणून आपणच सांगू शकतो. आणि तातडीचे रुग्ण तर अंतिम सामन्याच्या रात्रीही होते, तेव्हा आपण एकमेकांची पाळी सांभाळलीच की!

पहिली पाळी माझी. पिवळी जर्सी आता मुलाला आखूड होते, तरी तो तीच घालून येणार आहे. वडीलही खुर्ची टाकून बसणार आहेत. अट एवढीच घातली आहे, की पंचांना नावे ठेवायची ती तिन्ही भाषांत.