आधीं शिक्षकाला शिकूं द्या

गेल्या वर्षीं पालकसभा संपल्यावर एक गृहस्थ मजजवळ आले. घरीं थोडी उसाची शेती, मुलगा सातवींत. त्यांनीं संकोचानें विचारलें, “सर, आमच्या पोराला कोडिंग कधीं शिकवणार? शहरांतल्या पोरांना शिकवतात म्हणे.” मीं उत्तर दिलें, “होईल, लवकरच सुरू होईल.” ते समाधानानें घरीं गेले, मला मात्र त्या रात्रीं समाधान वाटलें नाहीं. कारण मीं दिलेलें उत्तर खरें नव्हतें. खरें उत्तर असें होतें कीं, “भाऊ, तें अजून मलाच नीटसें येत नाहीं.” तेंच उत्तर आज आपल्या शाळेच्या वार्षिकांत, विद्यार्थी व पालक या दोघांसमक्ष, थोड्या विस्तारानें द्यावें असा विचार आहे.

प्रथम कोडिंग या शब्दाचा बाऊ करण्याचें कारण नाहीं. एखादें काम लहान लहान पायऱ्यांत विभागावयाचें, आणि प्रत्येक पायरी यंत्राला समजेल अशा निःसंदिग्ध भाषेंत मांडावयाची, यालाच कोडिंग म्हणतात. आमच्या नगर शहराला ही कल्पना परकी वाटूं नये. कारण तिचा एक पूर्वज माग आहे, आणि नगर हें जुनें विणकरांचें गांव. 1804 च्या सुमारास फ्रान्स देशांत जॅकार्ड नांवाच्या कारागिरानें मागाला भोंकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ जोडली. जेथें भोंक असे तेथील उभा धागा उचलला जाई, जेथें नसे तेथील खालींच राही. याप्रमाणें पुठ्ठ्यांवरील आज्ञेबरहुकूम कापडावर नक्षी उमटे. हीच युक्ति चार्ल्स बॅबेज यांनीं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यांत घेतली, व 1843 सालीं एडा लव्हलेस या विदुषीनें त्या यंत्रासाठीं आकडेमोडीच्या पायऱ्या क्रमवार लिहून प्रसिद्ध केल्या. आमच्या नगरांतहि विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकन मराठी मिशनमधील डी. सी. चर्चिल या इंजिनिअरांनीं सुधारलेला हातमाग तयार केला होता. परंतु माग कितीहि सुधारला, तरी विणणाऱ्याचा हात तयार नसेल तर त्यावर वीतभर कापड निघत नाहीं. शाळेंतील यंत्रांची गोष्टहि हीच आहे.

येथें स्वतःचा एक अनुभव सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं मी ज्या शाळेंत होतों तेथें दहा संगणक आले. समारंभ झाला, नारळ फुटला, छायाचित्रें निघालीं. आम्हां शिक्षकांना दोन दिवसांचें प्रशिक्षण मिळालें. सभागृहांत शंभरावर शिक्षक, पुढें एक तज्ज्ञ, आणि भिंतीवर एकामागून एक चित्रें. प्रत्यक्ष यंत्राला हात लावण्याची पाळी मजवर एकदांच आली. मीं सर्व कांहीं वहींत सुरेख अक्षरांत उतरून घेतलें; पण सोमवारीं वर्गांत उभा राहिलों तेव्हां पहिल्या पानापुढें गाडी सरकेना. आज्ञा एकदां सुरू झाली ती थांबेचना. तेव्हां मागच्या बाकावरील एका मुलानें हात वर केला आणि म्हणाला, “सर, ती ओळ वर नाहीं, खालीं पाहिजे.” मुलाचें म्हणणें बरोबर होतें. मीं मात्र त्याला म्हटलें, “तें आपल्या अभ्यासक्रमांत नाहीं. खालीं बैस.” तो बसला. त्या तासाला त्यानें पुन्हां कधीं हात वर केला नाहीं. हळूहळू तेथील ते तासच कमी झाले, खोलीला कुलूप लागलें, आणि यंत्रांवरील आच्छादनांवर धूळ सांचली.

दोष कोणाचा? यंत्रें चांगलीं होतीं, मुलें उत्सुक होतीं. दोष माझ्या भीतीचा होता. विद्यार्थ्यांपुढें आपलें अज्ञान उघडें पडेल, ही ती भीति. ती जिंकणें माझें कर्तव्य होतें, हें मी नाकारीत नाहीं. परंतु ती कमी व्हावी अशी व्यवस्था कोणीं केली नव्हती, हेंहि तितकेंच खरें आहे.

हा प्रकार एकाच शाळेंत घडला असें नव्हे. 1984 सालीं भारत सरकारनें ‘क्लास’ नांवाची योजना काढून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक पुरविले. परंतु रोजच्या गणित-विज्ञानाच्या तासाशीं त्यांचा सांधा जुळला नाहीं. पुढें अनेक ठिकाणीं ठराविक मुदतीच्या करारावर बाहेरचे निदेशक नेमण्याची रीत पडली. करार संपला कीं निदेशक जात, आणि त्यांच्याबरोबर ती विद्याहि जाई. याउलट केरळ राज्यानें 2001 पासून ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ या योजनेंत निराळा मार्ग धरला. तेथें शाळेंतील नेहमींच्याच शिक्षकांना ही विद्या शिकविण्यांत आली, व त्यांच्यांतूनच एकाकडे शाळेच्या संगणकांचें काम सोंपविलें. मोफत मिळणाऱ्या मुक्त आज्ञावल्या वापरल्या. 2018 पासून ‘लिटल काइट्स’ या नांवानें विद्यार्थ्यांचीं मंडळेंहि निघालीं. शिक्षक शाळेचाच असल्यामुळें विद्या शाळेंतच राहते, हा त्यांतील मुख्य मुद्दा.

पण केरळापर्यंत तरी कशाला जावें? ज्या अहमदनगराला 2024 पासून अहिल्यानगर हें नांव मिळालें, त्याच्या इतिहासांतच हा धडा लिहिलेला आहे. मिस सिंथिया फरार या 1827 सालीं मुंबईला आल्या, आणि 1839 पासून 1862 सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांनीं नगरास मुलींच्या शिक्षणाचें काम केलें. जोतीराव फुले यांनीं त्यांच्या शाळा पाहिल्या, व पुण्याला परतून 1848 सालीं मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनींहि फरारबाईंच्या येथें अध्यापनाचे धडे घेतले. मुलींनीं लिहिणें-वाचणें ही त्या काळीं नवी व लोकांना भय वाटणारी विद्या होती. पुण्याच्या त्या शाळेला वाडा दुसऱ्याचा होता, साधनें तुटपुंजीं होतीं. परंतु शिकविणारी बाई तयार करण्याकडे दुर्लक्ष झालें नाहीं. आज आपण याच्या उलट करतों. खोली बांधतों, यंत्रें मांडतों, पाटी लावतों, आणि शेवटीं विचारतों कीं, आतां हें शिकविणार कोण?

तर मग करावें काय? माझ्या मतें चार गोष्टी कराव्या.

पहिली गोष्ट वेळेची. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणांत सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग शिकवावें असें सांगितलें आहे. आणि त्याच धोरणांत प्रत्येक शिक्षकानें वर्षाकाठीं निदान 50 तास स्वतःच्या व्यावसायिक शिक्षणाला द्यावे असेंहि म्हटलें आहे. पहिल्या वाक्याची चर्चा घरोघर होते, दुसऱ्याची कोणी आठवण काढीत नाहीं. आठवड्याला दीड तास धरला तर चौतीस आठवड्यांत हे 50 तास पुरे होतात. हा दीड तास वेळापत्रकांत छापलेला असावा. उरल्यासुरल्या वेळांतून काढावयाचा नसावा.

दुसरी गोष्ट सोबतीची. एकट्यानें शिकणारा शिक्षक पहिल्याच अडचणीला थांबतो. दोघांनीं जोडीनें शिकावें, एकाच्या तासाला दुसऱ्यानें मागें बसावें, व चूक झाल्यास ती शिक्षक-खोलींत हंसून सांगावी. महिन्यांतून एकदां आसपासच्या चार शाळांनीं एकत्र बसावें.

तिसरी गोष्ट अशी कीं, आरंभ यंत्रावांचून करावा. सीमोर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1967 सालीं मुलांसाठीं ‘लोगो’ ही संगणकाची भाषा रचली. पुढें तींत एक कासव आलें. तें आज्ञेप्रमाणें चालून रेघ ओढी. आपल्या पटांगणांत एखादा विद्यार्थीच कासव होऊं शकतो. ‘दहा पावलें चाल, उजवीकडे काटकोनांत वळ, असें चार वेळां कर,’ एवढें सांगितलें कीं खडूनें चौकोन उमटतो. ‘वळ’ हा शब्द राहून गेला तर बिचारें कासव थेट कुंपणाला जाऊन भिडतें! वर्ग हंसतो, आणि क्रमाचें महत्त्व जन्मभर लक्षांत राहतें. हें शिकविण्याला वीज लागत नाहीं, आणि शिक्षकाची भीतिहि येथेंच अर्धी जाते. नंतर पडद्यावर रंगीत ठोकळे जोडून आज्ञा देण्याची ‘स्क्रॅच’ ही भाषा घ्यावी. ती 2007 पासून जगभर मोफत मिळते.

चौथी गोष्ट, ही विद्या आपल्या विषयाला व आपल्या मातीला जोडावी. आपल्याच जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवांत दरवर्षीं पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात, व पाणी पाहून पिकें ठरवितात. ‘पाणी इतकें असेल तर हें पीक, नसेल तर तें,’ हें वाक्य म्हणजे कोडिंगचा प्राणच होय. भूगोलाच्या शिक्षकानें हा ताळेबंद मुलांकडून पायरीपायरीनें मांडून घेतला, तर भूगोल आणि कोडिंग हीं दोन्हीं एकाच तासांत साधतील. बाहेरून आलेल्या निदेशकाला हें सुचणें कठीण. पाथर्डीकडील ज्या मुलाचे आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, त्याचे कोणते पाठ बुडाले आणि त्याला कोठून आरंभ करून द्यावा, हें त्याच्या शिक्षकालाच ठाऊक असतें. म्हणूनच नवी विद्या त्याच्याच हातीं आली पाहिजे.

यावर कोणी म्हणतील, सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनीं हें सर्व आपल्या बळावर केलें; मग इतरांना का जमूं नये? डिसले गुरुजींनीं जिल्हा परिषदेच्या लहानशा शाळेंत पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले, पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांतहि ती सोय आली, आणि 2020 सालीं त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लक्ष डॉलरांपैकीं निम्मी रक्कम त्यांनीं अंतिम फेरींतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्याविषयीं मला मोठा आदर आहे. परंतु असा एक शिक्षक निघाला म्हणून बाकीच्यांना मदत नको, असें अनुमान काढणें चुकीचें आहे. असामान्य माणूस वाट दाखवितो. त्या वाटेवर सामान्यांना चालतां यावें म्हणून ती बांधून काढावी लागते.

दुसरा आक्षेप अधिक नवा आहे. आतां कृत्रिम बुद्धिमत्ता स्वतःच कोड लिहून देते. मग मुलांनीं तें शिकावेंच कशाला? गणकयंत्र आलें म्हणून आपण पाढे सोडले नाहींत. यंत्रानें दिलेलें उत्तर बरोबर कीं चूक, हें ज्याला ओळखतां येत नाहीं तो यंत्राचा धनी नव्हे, चाकर होतो. पायरी कोठें चुकली हें शोधण्याची संवय लागावी, यासाठींच ही विद्या हवी. प्रत्येक मुलानें संगणकाचीच नोकरी धरावी यासाठीं नव्हे.

पालकहो, 2020 च्या टाळेबंदींत मोबाईलवर महागड्या शिकवण्यांच्या जाहिराती येत, आणि मूल मागें राहील या भयानें कित्येकांनीं पदरमोड केली. तुमच्या काळजीला मी नांवें ठेवीत नाहीं. परंतु पुढील सभेंत शाळेला आणखी एक प्रश्न अवश्य विचारा. ‘संगणक किती आहेत?’ हें विचाराच. पण त्याबरोबर ‘शिक्षकांना शिकण्याला आठवड्यांतून किती वेळ दिला आहे?’ हेंहि विचारा. आणि एखाद्या शिक्षकानें वर्गांत ‘हें मला माहीत नाहीं, आपण मिळून शोधूं’ असें म्हटल्याचें मुलानें घरीं सांगितलें, तर त्या शिक्षकाला कमी लेखूं नका.

विद्यार्थिमित्रहो, गेल्या पावसाळ्यांत तुमच्यापैकींच एका मुलीनें माझी तशीच चूक दाखविली. या वेळीं मीं तिला पुढें बोलाविलें. तिनें एक ओळ खालीं नेली, आणि न थांबणारें तें चक्र थांबलें. वर्गानें टाळ्या वाजविल्या, मींहि वाजविल्या. त्या क्षणीं मला मागच्या बाकावरच्या त्या मुलाची आठवण झाली. तो आतां मोठा झाला असेल. त्याची क्षमा मागण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाहीं. म्हणून यापुढें वर्गांत वर आलेला हात खालीं बसवावयाचा नाहीं, एवढा निश्चय मीं केला आहे. तुम्ही हात वर करीत रहा.