सभासदांची यादी कोणाच्या हाती?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या मावशीला एक फोन आला. मावशीचे वय अठ्ठ्याहत्तर. घरात एकटीच असते. मुलगा नोकरीनिमित्त टोरांटोला. बोलणाऱ्याने तिच्या माहेरच्या आडनावाचा उल्लेख केला, मुलाचे नाव घेतले, त्याचे शहर सांगितले आणि त्याने पाठवलेले पार्सल विमानतळावर जकातीसाठी अडकले आहे असे सांगून चाळीस हजार रुपये पाठवायला लावले. पार्सल वगैरे काही नव्हतेच. पैसे गेले ते गेलेच. मी तिला नको ते बोललो, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "अरे, माहेरचं नाव घेतलं त्यानं. त्याला परका कसा समजू?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. माहेरचे नाव त्याला कळले कसे? त्या रात्री मी संगणकावर मावशीचे नाव टाकून शोध घेतला. काही क्षणांतच तिच्या ज्ञातिमंडळाच्या संकेतस्थळावरील सभासद सूची समोर आली. नाव, माहेरचे आडनाव, जन्मतारीख, रक्तगट, पत्ता, मोबाइल क्रमांक, मुलांची नावे आणि ती कुठे असतात ती गावे. सारे ओळीने छापलेले. तो फोन या यादीवरूनच आला असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण त्या माणसाला जे जे ठाऊक होते, ते सारे तिथे होते.

अशा याद्या आपल्याला नव्या नाहीत. कुलवृत्तांत, ज्ञातिसंस्थांच्या सूच्या, वधू-वर सूचक मंडळांच्या वह्या यांवर आपल्या कित्येक पिढ्यांच्या सोयरिकी जुळल्या. त्या वहीत मुलीचे शिक्षण, उंची, पत्रिका सारे असे. मात्र ती पाहायला मंडळाच्या कचेरीत जावे लागे आणि समोर बसलेले काका "आपण कोणाकडचे?" असे विचारल्याखेरीज वही पुढे सरकवत नसत. या विचारण्यातच एक बंदोबस्त होता. तीच वही संकेतस्थळावर चढवली, की मजकूर तोच राहतो, पण काका खुर्चीवरून उठून गेलेले असतात. वाचणारा कोण, कुठला, कशासाठी वाचतो, हे विचारणारे कोणी उरत नाही.

आणि प्रश्न केवळ यादीचा नाही. कार्यक्रमाच्या नावनोंदणीसाठी अर्ज असतो, शिष्यवृत्तीसाठी असतो. शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत मुलांची गुणपत्रिका, पालकांचा उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाची प्रत मागवली जाते. हे कागद जातात कुठे? अनेकदा एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या खासगी खात्यात. कार्यकारिणी बदलते, कार्यकर्ता गाव सोडतो, कागद तिथेच राहतात. ज्याने काहीही भरले नाही, नुसते संकेतस्थळ उघडून पाहिले, त्याचाही माग राहतो. तो कोणत्या जोडणीवरून, केव्हा आला, कोणती पाने त्याने पाहिली याची नोंद संगणकावर होते. पानावर बाहेरच्या कंपनीचा नकाशा किंवा चित्रफीत जोडलेली असेल, तर त्यातील काही नोंद त्या कंपनीकडेही जाते.

मी मंडळाच्या चिटणिसांना भेटलो. बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. त्यांना मनापासून वाईट वाटले. म्हणाले, "अहो, आजवर कोणी तक्रार केली नाही. आणि वेबसाइट करणारा मुलगा बंगलोरला गेला, पासवर्ड त्याच्यापाशीच आहे." यात लबाडी कुठेच नाही. कोरोनाच्या काळात याच यादीवरून मंडळाच्या मुलांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांना औषधे पोचवली होती. मावशीलाही पोचवली होती. यादी असणे हा गुन्हा नव्हे. यादी नसेल तर मंडळ कसले?

दोष आहे तो निराळ्याच ठिकाणी. मावशीने तो अर्ज कित्येक वर्षांपूर्वी मंडळाच्या सभागृहात बसून हाताने भरला होता. कशासाठी? तर मंडळाचा दिवाळी अंक पोस्टाने घरी यावा म्हणून. पत्ता तिने अंकासाठी दिला होता, जगासाठी नव्हे. एका कामासाठी दिलेली माहिती न विचारता दुसऱ्या कामी लावली गेली, आणि सगळे रामायण तिथून सुरू झाले.

नेमक्या याच तत्त्वावर आपल्याकडचा नवा कायदा उभा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. माहिती संमतीने घ्यायची असेल, तर ती कशासाठी हवी ते आधी सांगायचे. त्या कामाला लागेल तेवढीच घ्यायची. काम संपले किंवा माणसाने संमती मागे घेतली की, दुसरा कायदा आड येत नसेल तर, पुसून टाकायची. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेताना पालकांची संमती लागते. कागदावर घेऊन नंतर संगणकावर चढवलेली माहितीही या कायद्याच्या कक्षेत येते, आणि नोंदणी न झालेले मंडळही त्यातून सुटत नाही. माहितीच्या रक्षणात हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांची आहे.

हा आकडा ऐकून चिटणीस हबकले. एखाद्या छोट्या मंडळावर एवढा दंड बसेल असे मला वाटत नाही, आणि दंडाच्या धाकाने कार्यकर्ते घरी बसावेत असेही कोणी म्हणणार नाही. करायचे ते थोडे आणि बिनखर्चाचे आहे. यादी सर्वांसाठी खुली न ठेवता सभासदांपुरती ठेवावी. जन्मतारीख आणि मुलांची गावे कशाला हवीत, हे स्वतःला विचारावे. लग्न जमले की वधू-वरांची माहिती काढून टाकावी. पासवर्ड एका मुलाच्या नव्हे, कार्यकारिणीच्या ताब्यात असावा. आणि "माझे नाव काढा" असे सांगण्यासाठी कोणाला फोन करायचा, ते पहिल्याच पानावर मराठीत लिहावे.

वाचकांनीही थोडे करावे. वार्षिक सर्वसाधारण सभेत आपण जमाखर्च विचारतो, चहापाण्याच्या पाचशे रुपयांवर तासभर वाद घालतो. तिथेच एकदा उठून विचारावे, की आमची माहिती कोणाकडे आहे, आणि ती कोण कोण पाहू शकतो?

मावशीच्या मंडळाने बंगलोरच्या मुलाला गाठून चार दिवसांत ती सूची उतरवली. पण कोणी आधीच उतरवून घेतलेल्या प्रती परत येणार नाहीत, हे मी तिला सांगितले. नव्या अर्जावर तिने फक्त नाव आणि पत्ता लिहिला, बाकीच्या रकान्यांवर आडवी रेघ ओढली आणि मला विचारले, "एवढ्यावर अंक येईल ना रे?"

एवढ्यावर अंक येतो. बाकीचे रकाने मुळात छापलेच कशाला होते, हे मंडळाने तिला सांगायला हवे.