पायली कोणाला?

शेताचे हिस्से पाडता येतात, मुदत ठेवीची रक्कम चार नावांवर फिरवता येते. पण आईची पितळी पायली चार भावंडांत कशी वाटायची? मृत्युपत्रात सातबारा असतो, घर असते, पासबुके असतात. या पायलीची ओळ मात्र सहसा नसते. आणि भावंडांची मने दुखावतात ती इथेच.

बँकेत नोकरीला असताना मी दिवंगत खातेदारांचे लॉकर उघडलेले पाहिले आहेत. दोन साक्षीदारांसमोर यादी होते. 'पिवळ्या धातूच्या बांगड्या, नग ४.' बँकेच्या दृष्टीने ते बरोबरच. सोन्याची पारख करणे हे तिचे काम नव्हे. त्या बांगड्या कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी दिल्या, हे यादीत कुठून येणार? नॉमिनीने वस्तू ताब्यात घेतली म्हणून तो मालक ठरत नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. मालकी मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरते.

२००८ साली आम्ही भावंडे नागझिऱ्याला मुक्कामाला होतो. रात्री विजेचे दिवे नाहीत, टीव्ही नाही. तळ्याकाठी बोलणे आपोआप घराकडे वळले. आमचा मुलूख धानाचा. आई धान मोजायची ती पायली धाकट्या बहिणीला हवी होती. ती म्हणाली, "भाऊ, शेताचं हक्कसोडपत्र केलं मी, पायलीचं नाही केलं." सगळे हसलो, पण त्या हसण्यात एक कळ होती.

२००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क दिला. तरी सही करून तो सोडणाऱ्या बहिणी घरोघर आहेत. बहिणीने शेत सोडले म्हणजे आईची आठवणही सोडली, असे धरू नये. आणि पायली दिली म्हणजे शेताचा हिशेब चुकता झाला, असेही समजू नये.

उपाय फारसा खर्चाचा नाही. मृत्युपत्र साध्या कागदावर चालते. स्टँप लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. त्यात वस्तू ओळखता येईल अशी लिहा: 'काठाला पोचा आलेली, आजोबांचे नाव असलेली पितळी पायली.' नुसते 'जुनी भांडी' लिहिले की वाद आलाच. कोणाला आणि का, हेही एका ओळीत लिहा. ते 'का' वाचून, ज्याला वस्तू मिळाली नाही त्याचेही समाधान होऊ शकते. मृत्युपत्र आधीच झाले असेल तर पुरवणी करता येते. तिलाही दोन साक्षीदार लागतात.

त्याआधी मुलांना विचारा. आपण ज्याला मोल देतो ते त्यांना अडगळ वाटू शकते, आणि आपण माळ्यावर टाकलेल्या अडकित्त्यावर एखाद्या नातीचा जीव असतो. शक्य असेल ते हयातीतच, स्वतःच्या हाताने द्यावे. घेणाऱ्याला वस्तूबरोबर तिची गोष्टही ऐकायला मिळते.

आपल्या आयाबायांना हे कळत होते. लग्नात दिलेल्या भांड्यावर त्या देणाऱ्याचे नाव घालून घेत. कोणी दिले, हे भांड्यावर कोरलेले आहेच. आता कोणाला द्यायचे, एवढेच आपण लिहायचे आहे.