तुकोबांच्या पुलावरून

1895 साली मुंबईत कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला काही वर्षांचा दुरावा आला. येशूवाचून देवाकडे वाटच नाही का, हा प्रश्न एका मराठी घरात शिरला तो असा. टिळकांची येशूवरची निष्ठा पक्की. पण ख्रिस्तापाशी आपण तुकोबांच्या पुलावरून पोचलो, हेही ते सांगत. मग हा पूल वाटेत धरायचा की नाही? 1917 मध्ये मिशनचे काम सोडून त्यांनी येशूभक्तांचा ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही जागा. दार येशूचेच, उंबरठ्यावर दाखला मागायला मात्र कोणी नाही. धर्मपंडितांच्या पुऱ्या उत्तरांपेक्षा मला हे अर्धेमुर्धे उत्तर जवळचे वाटते. लक्ष्मीबाईही पुढे ख्रिस्ती झाल्या, पण आधी जात न पाहता कोणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवून, स्वतःच्या वाटेने.